वस्तू आपली, पण खाते कोणाचे? ऑनलाइन उपकरणे वापरताना या चुका टाळा

साताऱ्याला आई-वडिलांच्या घराच्या दारावर दोन वर्षांपूर्वी वाय-फाय कॅमेरा बसवला. बसवायला आलेल्या मुलाला पुढच्या कामाची घाई होती, म्हणून त्याने ॲपमधले खाते स्वतःच्याच मोबाइल क्रमांकावर उघडले आणि वडिलांच्या फोनवर केवळ चित्र दिसेल एवढी सोय करून दिली. पुढे आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली, त्याबरोबर राउटर बदलला, आणि कॅमेरा नव्या वाय-फायवर घेण्यासाठी मूळ खात्याचा ओटीपी लागेल असे ॲप सांगू लागले. तो मुलगा नोकरी सोडून गेलेला, त्याचा क्रमांक बंद. कॅमेऱ्याचे पैसे आम्ही दिले होते, तो आमच्या भिंतीवर आमच्या विजेवर चालत होता, तरीही तो पुन्हा सुरू करण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता.

बटण दाबले की पाणी तापावे, दिवा लागावा, कागद छापून यावा, एवढीच घरातल्या वस्तूंकडून अपेक्षा असते. आता गीझर, एसी, प्रिंटर, टीव्ही, दारावरची घंटा अशा अनेक वस्तू आधी ॲप मागतात, मग खाते, मग ओटीपी. त्यावरचा संताप रास्त आहे आणि त्याचा दोष वापरणाऱ्याकडे जात नाही. परंतु आपल्या बाजूने होणाऱ्या काही चुका टाळल्या तर निम्मा मनस्ताप नक्की वाचतो.

खाते दुसऱ्याच्या क्रमांकावर उघडणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. उपकरण सुरू करताना जे खाते वापरले जाते, ते कंपनीच्या सर्व्हरवर त्या उपकरणाचे मालक ठरते. दुकानाच्या बिलावर कोणाचे नाव आहे याच्याशी त्या सर्व्हरला काहीही देणेघेणे नसते. त्यामुळे बसवणाऱ्या कारागिराचा, दुकानदाराचा किंवा शेजारच्या जाणकार मुलाचा क्रमांक तिथे कधीही देऊ नये. कॅमेऱ्याच्या बाबतीत तर हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, कारण ज्याचे खाते त्याला आपले अंगण कुठूनही दिसू शकते.

परदेशी असलेल्या मुलाने किंवा मुलीने प्रेमापोटी तिथूनच खाते उघडून देणे, हा याच चुकीचा दुसरा प्रकार. ओटीपी अमेरिकेतल्या फोनवर जातो, आणि इथे दुपारचे दोन वाजलेले असतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पहाट असते. शिवाय खाते उघडताना निवडलेला देश अनेक ॲपमध्ये महत्त्वाचा असतो; तिथे अमेरिका निवडली असेल तर भारतात घेतलेले उपकरण काही वेळा यादीत दिसतच नाही. खाते घरात राहणाऱ्या माणसाच्या क्रमांकावर किंवा ईमेलवर उघडावे, देश भारतच निवडावा, आणि इतरांना ॲपमधल्या ‘शेअर’ सोयीतून जोडून घ्यावे. पासवर्ड वाटत बसू नये.

क्रमांक चालू ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. सलग ९० दिवस न वापरलेला मोबाइल क्रमांक आपल्याकडे बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. जुने सिम कपाटात टाकण्यापूर्वी त्यावर कोणकोणती खाती आहेत ते पाहून ती नव्या क्रमांकावर न्यावीत.

जोडणी होत नाही म्हणून लगेच रीसेट करणे

‘उपकरण सापडत नाही’ असा संदेश आला की बहुतेकजण रीसेटचे बटण दाबून धरतात. रीसेटमुळे उपकरणातली वाय-फायची माहिती पुसली जाते, पण सर्व्हरवरचे खात्याशी असलेले नाते अनेकदा तसेच राहते. म्हणजे काम वाढते आणि अडचण जिथल्या तिथे राहते. आधी कारण शोधावे.

सर्वांत नेहमीचे कारण वाय-फायच्या पट्ट्याचे असते. स्वस्त प्लग, दिवे, कॅमेरे आणि गीझर यांतली बरीचशी उपकरणे केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. आजचे राउटर मात्र २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाखाली देतात. फोन वेगवान पट्टा पकडतो आणि जोडणीच्या वेळी काही उपकरणे तिथेच अडखळतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ च्या पट्ट्याला वेगळे नाव द्यावे, किंवा ५ चा पट्टा जोडणी होईपर्यंत बंद ठेवावा. जुन्या दगडी किंवा जाड विटांच्या भिंतींतूनही २.४ चा पट्टाच अधिक चांगला पोचतो. राउटरवर केवळ डब्ल्यूपीए३ ही वाय-फाय पासवर्डची नवी सुरक्षा पद्धत निवडलेली असेल तर जुनी उपकरणे जोडली जात नाहीत. तिथे डब्ल्यूपीए२ ही आधीची पद्धतसुद्धा चालेल असा पर्याय निवडावा.

दुसरे कारण फोनमध्येच दडलेले असते. जोडणीच्या वेळी बरीच उपकरणे स्वतःचे एक तात्पुरते वाय-फाय सुरू करतात आणि फोनने त्याच्याशी जोडून घेऊन घरच्या वाय-फायचे नाव व पासवर्ड त्यांना सांगायचा असतो. त्या तात्पुरत्या वाय-फायला इंटरनेट नसल्यामुळे फोन आपण होऊन मोबाइल डेटावर उडी मारतो आणि संवाद तुटतो. तेवढ्या दोन मिनिटांसाठी मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवावे, अँड्रॉइडवर लोकेशन सुरू करून ॲपला त्याची परवानगी द्यावी, आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी द्यावी, जोडणी झाल्यावर लोकेशनची परवानगी काढून घेतली तरी सहसा बिघडत नाही.

एवढे करूनही यश आले नाही, तर दुसऱ्या फोनचे हॉटस्पॉट २.४ वर सुरू करून उपकरण त्याला जोडून पाहावे. तिथे जोडले गेले तर दोष राउटरमध्ये आहे. तिथेही नाही, आणि ॲपमधली आधी चालणारी उपकरणेही एकदम बंद दिसत आहेत, तर बिघाड बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर असतो. तेव्हा काहीही न पुसता थांबणे हाच उपाय. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत, म्हणजे इंटरनेटवरून वापरल्या जाणाऱ्या तिच्या सर्व्हरच्या सेवेत, बिघाड झाला, तेव्हा अलेक्सा आणि रिंगचे कॅमेरे वापरणाऱ्यांनाही त्याचा फटका बसला होता. घरातले वाय-फाय ठणठणीत असूनही असे होऊ शकते.

राउटर बदलल्यावर नवे नाव ठेवणे

नव्या राउटरला जुन्याचेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा, अक्षरे लहान-मोठी जशी होती तशीच ठेवून. बहुतेक उपकरणे आपोआप जोडली जातात. आम्ही हे केले असते तर साताऱ्याचा सारा व्याप टळला असता, याची मला आजही हळहळ वाटते.

विजेचा विचार न करणे

गावाकडे वीज ये-जा करते, आणि इन्व्हर्टरवर दिवे-पंखे असतात पण राउटर नसतो. राउटर आणि फायबरचा डबा हे दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. वीज परत आल्यावर राउटर सुरू व्हायला काही मिनिटे लागतात. तोवर काही उपकरणे प्रयत्न करून गप्प बसतात. अशा वेळी राउटर सुरू झाल्यावर त्या उपकरणाचा प्लग एकदा बंद करून चालू केला की पुरते.

कंपनी कायम राहील असे गृहीत धरणे

गुगलच्या मालकीच्या नेस्ट कंपनीने २०१४ मध्ये विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्ह या, घरातली उपकरणे एकत्र चालवणाऱ्या नियंत्रकाची सेवा मे २०१६ मध्ये बंद करण्यात आली आणि सुमारे ३०० डॉलर मोजून घेतलेली चालू यंत्रे निरुपयोगी झाली. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर कोणतीही सूचना न देता बंद पडले. बेल्किन कंपनीने आपल्या वीमो या नावाने विकलेल्या बहुतेक स्मार्ट उपकरणांची क्लाउड सेवा ३१ जानेवारी २०२६ पर्यंतच चालेल असे जाहीर केले, मात्र ज्यांनी ती आधीच ॲपलच्या होमकिट या, घरातल्या नेटवर्कवरून उपकरणे चालवणाऱ्या व्यवस्थेत जोडली होती त्यांची उपकरणे पुढेही चालतील असे सांगितले. हा फरक मला मोलाचा वाटतो: जे उपकरण घरातल्या घरात आज्ञा घेऊ शकते, ते कंपनीच्या निर्णयानंतरही टिकते.

म्हणून दुकानातच विचारावे की नेट बंद असताना ही वस्तू काय काय करील, आणि शक्य असेल तर विक्रेत्याला तसे करून दाखवायला सांगावे. गीझरला हाताने चालणारे बटण हवे, एसीला नेहमीचा रिमोट हवा, प्रिंटरला यूएसबी केबल जोडता यायला हवी. कॅमेरा घेताना मेमरी कार्डवर चित्रण होते का आणि ओएनव्हीआयएफ, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकमेकांच्या यंत्रणेत चालावेत यासाठीचे मानक, चालते का ते पाहावे. दिवे आणि प्लग घेताना ‘मॅटर’चे चिन्ह शोधावे, २०२२ मध्ये आलेले हे मानक घरच्या नेटवर्कवरूनच उपकरण चालवण्याची सोय देते. टीव्हीवर गुगल टीव्ही असेल तर पहिल्या जोडणीतच ‘बेसिक टीव्ही’ हा पर्याय मिळतो आणि खात्याशिवाय केबल किंवा सेट-टॉप बॉक्स पाहता येतो. खात्याशिवाय वस्तू चालणारच नाही हे खोक्यावर किंवा जाहिरातीत सांगितले नसेल आणि विक्रेता दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

जुने उपकरण कोणाला देताना आधी ॲपमधून ते काढून टाकावे आणि नंतर रीसेट करावे. क्रम उलटा झाला तर घेणारा आमच्यासारखाच अडकतो.

आमच्या कॅमेऱ्यासाठी कंपनीने खरेदीचे बिल आणि मागच्या चिकटपट्टीवरील अनुक्रमांकाचा फोटो मागितला. बिल सापडले म्हणून जुने खाते सुटले, त्यालाही दोन आठवडे आणि पाच फोन लागले. या वेळी क्यूआर कोड वडिलांनी स्वतः स्कॅन केला, खाते त्यांच्याच क्रमांकावर उघडले, आणि वीजबिलाचा ग्राहक क्रमांक जिथे लिहिलेला असतो त्या वहीच्या पानावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक, ॲपचे नाव आणि वाय-फायचा पासवर्ड लिहून ठेवला.