बारावी, नीट आणि घरची कामं : सगळं कसं जमवायचं
पहिलं म्हणजे मार्कांचं गणित बघा, नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ७२० ची, त्यातले ३६० एकट्या बायोलॉजीचे, म्हणून सकाळी डोकं ताजं असताना एनसीईआरटीची बायो ओळ न् ओळ वाचायची, आकृत्यांखालची बारीक ओळसुद्धा सोडू नका, प्रश्न तिथूनही येतात. फिजिक्सची गणितं रोज थोडी तरी हवीतच, रविवारी एकदम उरकू म्हटलं की झालंच.

बोर्डाकडे दुर्लक्ष नको बरं का, मेडिकलला ओपनवाल्यांना बारावीच्या पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) ५०% लागतात. प्रॅक्टिकलचे विषयाला ३० मार्क, आणि जर्नल त्याच आठवड्यात लिहून सही घ्या. मी साठवली, मग जानेवारीत रात्री दोनला बेडकाच्या आकृत्या काढत बसले आणि आई शेजारी बसून मार्जिन आखतेय 😅

घरी लग्न, गणपती असणारच. मी आरतीला जायचे, मोदकाच्या पाऱ्या पण केल्या, फक्त आधीच्या दोन दिवसांत टेस्ट पेपर उरकून ठेवायचे. मावशीला सरळ सांगा, 'येते, पण नऊला निघेन', रुसली तरी दोन दिवसांत विसरते. क्लासला जाता-येता बसमध्ये फक्त रिॲक्शन्सची चिठ्ठी काढायची, मोबाईल बॅगेत. झोप मात्र कापू नका, उणे मार्किंगमध्ये पेंगणारं डोकं लय महागात पडतं.