कॉर्डलेस ड्रायव्हर, बॅटरी आणि स्क्रूची निवड

कॉर्डलेस ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू पिळण्याचे बॅटरीवरचे यंत्र, घेताना आधी काम पाहावे, मग यंत्र. बिजागऱ्या आणि प्लायवूडच्या कामाला 12 व्होल्टचे हलके यंत्र पुरते. सागाच्या चौकटी किंवा बाभळीचे लाकूड रोज हाताळायचे असेल, तर 18 व्होल्टचे घ्यावे. खोक्यावर ‘20 व्होल्ट मॅक्स’ लिहिलेले यंत्रही त्याच वर्गातले असते, कारण 20 हा पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा आकडा आहे. त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

खानदेशात खरी काळजी घ्यावी लागते ती बॅटरीची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही वर, आणि लिथियम-आयन बॅटरी साधारण 40 अंशांपुढे चार्ज करू नये, असे बहुतेक उत्पादक बजावतात. म्हणून चार्जिंग पहाटे किंवा रात्री करावे आणि कामावरून काढलेली गरम बॅटरी आधी सावलीत निवू द्यावी. 4 अँपिअर-तास क्षमतेच्या एका बॅटरीपेक्षा 2 अँपिअर-तासांच्या दोन माझ्या मते अधिक सोयीच्या, कारण एक निवत असताना दुसरीवर काम चालू राहते.

काळे ड्रायवॉल स्क्रू (जिप्सम बोर्डाचे) ठिसूळ असतात आणि कठीण लाकडात मानेपाशी तुटतात, म्हणून तिथे लाकडाचेच स्क्रू वापरावेत. बाभळीत 4 मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आधी 3 मिलिमीटरचे भोक पाडावे आणि क्लच (ठरावीक जोरानंतर स्क्रू पिळणे थांबवणारी, आकडे असलेली कडी) खालच्या आकड्यापासून चढवत न्यावा. पोझिड्राइव्ह स्क्रूच्या फुलीमध्ये चार बारीक रेषा असतात. त्या दिसल्यास फिलिप्सचे (साध्या फुलीचे) बिट लावू नये, खाच झिजते.