अनोळखी इंग्रजी वाक्प्रचाराचा प्रश्न कसा सोडवावा

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी व्याकरणात कधीही न वाचलेला वाक्प्रचार समोर आला, की बहुतेक मराठी विद्यार्थी त्यातील एकेका शब्दाचा अर्थ लावून उत्तर जुळवू पाहतात; प्रश्न काढणाऱ्यालाही याची कल्पना असते, त्यामुळे चार पर्यायांत एक पर्याय पुष्कळदा शब्दशः अर्थाचा ठेवलेला असतो. म्हणून वाक्प्रचार झाकून ठेवून आधी उरलेले वाक्य वाचावे आणि त्या रिकाम्या जागी कोणता अर्थ बसेल, हे स्वतःच्या शब्दांत ठरवावे. ‘दो हिज फ्रेंड्स गेव्ह हिम द कोल्ड शोल्डर, ही रिमेन्ड चीअरफुल’ या वाक्यात ‘दो’ हे उभयान्वयी अव्यय विरोध दाखवते; तो आनंदी राहिला, त्या अर्थी मित्रांचे वागणे आनंद देणारे नव्हते, एवढे नक्की कळते आणि कौतुकाचे किंवा मदतीचे पर्याय बाद होतात. मित्रांनी त्याच्याकडे थंडपणे पाठ फिरवली, हा अर्थ मग सहज सापडतो.

मराठीशी दिसणारे साम्य मात्र फार जपून वापरावे. ‘क्रॉकोडाइल टीअर्स’ म्हणजे नक्राश्रू, तसेच दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणे दोन्ही भाषांत सारखेच. परंतु ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे पाय ओढणे नव्हे. मराठीत पाय ओढणारा दुसऱ्याची प्रगती रोखतो, इंग्रजीत तो केवळ थट्टा करतो. त्याहून फसवा आहे तो ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’. वाहत्या गंगेत हात धुऊन घेण्याची सवय असलेल्या आपल्या मनाला येथे ‘फायदा उठवणे’ हाच पर्याय पटतो, प्रत्यक्षात अर्थ आहे ‘जबाबदारी झटकणे’. शेवटचा ‘ऑफ’ (of, off नव्हे) नीट पाहिला तर त्यातून संबंध तोडल्याची, दूर होण्याची छटा जाणवते. माझ्या मते अशा छोट्या शब्दांकडे दुर्लक्ष केल्यानेच सर्वांत जास्त गुण जातात.

पर्यायाचा व्याकरणिक प्रकारही तपासावा. वाक्प्रचार क्रियापदाचे काम करत असेल, तर त्याच्या जागी घातल्यावर वाक्य मोडणारा नामाचा पर्याय सोडून द्यावा.

चूक शोधण्याच्या प्रश्नात वेगळी दक्षता लागते, कारण वाक्प्रचाराचे रूप ठरलेले असते आणि ते नेहमीच्या नियमांना जुमानत नाही. ‘ऑल ऑफ अ सडन’ मध्ये विशेषणासारखा शब्द नामासारखा आला म्हणून तो भाग चुकीचा ठरवू नये. उलट ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’ मधील ‘ॲट’ च्या जागी ‘ऑन’ दिसल्यास तेथे खूण करावी. ‘किक द बकेट’ कर्मणी प्रयोगात घातला, तर मरण्याचा अर्थ उरत नाही आणि खरोखरच बादलीला लाथ बसते.

एवढे करूनही दोन पर्याय उरले, तर गुणांचा हिशेब करावा. बरोबर उत्तराला २ गुण आणि चुकीला ०.५० गुण वजा, अशी पद्धत असेल, तर चारही पर्यायांतून डोळे मिटून निवडल्यास प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.१२५ गुण हाती लागतो, दोन पर्याय खात्रीने बाद केल्यावर तोच ०.७५ होतो. तेव्हा असा प्रश्न कोरा सोडू नये.