वडील गेल्यावर घेणेकरी दारात आले तर

तेरवीच्या मांडवातच कुणीतरी म्हणतं, ‘भाऊंकडे माझे दोन लाख होते.’ मोठा मुलगा लाजेखातर ‘देऊन टाकू काका’ म्हणतो आणि पुढे केलेल्या कागदावर सहीही करतो. ती सही करू नका. वडिलांचं कर्ज त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून फिटतं, तुमच्या पगारातून नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 50 आणि 52 प्रमाणे वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. बापाचं ऋण मुलानं फेडायचंच, हा जुना धर्मनियम 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांना कोर्टात चालत नाही. मात्र तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर ते देणं तुमचंच, म्हणून करारावरच्या सह्या आधी बघा.

महानगरपालिकेतून मृत्यू दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढा. मग वहीत एका बाजूला मालमत्ता लिहा: बँक खाती, ठेवी, घराची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), शेतीचा सातबारा. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची रक्कम यात धरू नका. नामनिर्देशिताला मिळणारा तो पैसा वडिलांच्या कर्जापासून मुक्त असतो. दुसऱ्या बाजूला प्रत्येक दावा.

प्रत्येकाला स्पीड पोस्टाने एवढंच कळवा: ‘आपल्या मागणीची नोंद घेतली. मूळ कागद, तारीख, व्याजदर आणि आजवर मिळालेल्या रकमांचा हिशेब पाठवावा. या पत्राने कोणतंही देणं मान्य केलेलं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. हातउसने पैसे किंवा मागताक्षणी देय वचनचिठ्ठीची मुदत साधारण 3 वर्षं. 10 मार्च 2022 ची चिठ्ठी असेल आणि मध्ये काही लिहून दिलं नसेल, तर 10 मार्च 2025 ला दाव्याची मुदत संपली. मुदतीच्या आत देणं लेखी कबूल केलं की 3 वर्षं नव्याने मोजली जातात. मुदत संपल्यावर ‘देतो’ असं सहीनिशी लिहून दिलं तर तो नवा करार ठरतो, आणि तो तुमच्या अंगावर येऊ शकतो.

व्याजाचा धंदा करणाऱ्याला परवाना क्रमांक विचारा. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकाराला कोर्ट हुकूमनामा (वसुलीचा आदेश) देत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करा. बँकेत मात्र सगळ्यात आधी कर्जावर विमा होता का ते विचारा, हप्त्याचं नंतर. कर्ज फिटल्यावर बँकेने गहाण कागद 30 दिवसांत परत द्यायचे असतात. वसुली एजंटाने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नसतो.

मालमत्ता कमी पडत असेल तर जो जास्त ओरडतो त्याला आधी देऊ नका. तारण असलेलं कर्ज तारणातून वसूल होतं. बाकीच्यात अंत्यविधी व शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग कोर्टखर्च, मग नोकरांचा शेवटच्या 3 महिन्यांचा पगार. उरलेलं सगळ्यांना सारख्या प्रमाणात. 6 लाख उरले आणि देणं 10 लाख असेल, तर प्रत्येकाला रुपयामागे 60 पैसे. पैसे देताना मूळ चिठ्ठी ताब्यात घ्या, ‘पूर्ण व अंतिम’ अशी पावती घ्या. मालमत्ता कुठे गेली हे कोर्टाला दाखवता आलं नाही, तर तेवढ्या रकमेसाठी कलम 52 खाली तुमची स्वतःची मालमत्ता धरता येते.

कोर्टाचं समन्स आलं तर घरात ठेवून देऊ नका. लेखी जबाब 30 दिवसांत द्यायचा असतो, आणि ‘जबाबदारी मालमत्तेपुरतीच’ हा मुद्दा त्यातच मांडायचा.