कुपवाडला हेल्पर म्हणून लागताय? पगार स्लिपवरचं पद आधी वाचा

जत, तासगाव, कवठेमहांकाळकडची बरीच पोरं ठेकेदारामार्फत सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागतात. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, साच्याची वाळू मुठीत दाबून बघतात. बोटांचे ठसे उमटले आणि गोळा मधोमध साफ मोडला की ओल बरोबर. ओल जास्त झाली की कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाला, ब्लो होल (वायूची भोकं) पडतात, माल रिजेक्ट. हे मला शिकवलं एका जुन्या हेल्परनं. सरकारदरबारी तो अकुशल कामगार.

किमान वेतनासाठी अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वर्ग आहेत आणि प्रत्येकाचा दर वेगळा. साधं, अनुभव न लागणारं काम अकुशल. हाताखाली राहून आलेलं कसब लागलं की अर्धकुशल. गोम इथंच आहे. मला साचे करायच्या मोल्डिंग मशीनवर घेतलं, शिफ्ट माझ्यावर सोडायला लागले, पण हजेरीपटावर मी हेल्परच. ठेकेदार बदलला, नव्या माणसानं जुनी यादी तशीच उतरवून घेतली. पुढं दुसरीकडं ऑपरेटरच्या जागेला गेलो, तर अनुभवाच्या दाखल्यावर 'हेल्पर' वाचून त्यांनी मशीनवर हातसुद्धा लावू दिला नाही. पगारातला फरक तर गेलाच, वर एवढ्या वर्षांचा अनुभव कागदावर शून्य. म्हणून मशीनवर घेतलं त्याच महिन्यात पद बदलून मागा. तोंडी नको, लेखी. ठेकेदार चिडेल, चिडू दे.

पैसे घेऊन ऑपरेटर करतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. दोन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सपेक्षा चहाच्या सुट्टीत मशीनचं सेटिंग दाखवणारा ऑपरेटर गाठा, असा माणूस प्रत्येक कारखान्यात असतो.

घाबरूनही जाऊ नका. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. अंगमेहनत करणाऱ्याला हक्क नसतात असं कुणी म्हणालं तर 1969 चा माथाडी कायदा सांगा. तो हमालांनी माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या पाठीशी उभं राहून लढून मिळवला, आणि अण्णासाहेब आपल्याच साताऱ्याकडचे, पाटण तालुक्यातले.

पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी न बदलणारा खाते नंबर) मात्र एकच ठेवा. ठेकेदार बदलला की जुनाच नंबर द्या, नवीन काढू देऊ नका, आणि पैसे जमा होतात का ते दर महिन्याला पासबुकात स्वतः बघा.