घरच्या बागेसाठी फळझाडाचा वाण कसा निवडावा?

रोपवाटिकेत लगडलेल्या झाडाचा फोटो दिसला की हात आपोआप खिशाकडे जातो. त्याआधी एक दिवस स्वतःच्या अंगणासाठी काढा.

पहिलं काम उन्हाचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागेवर ऊन किती वेळ राहतं ते पाहा. बहुतेक फळझाडांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागतं. मग फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं, तर पपई आणि अ‍ॅव्होकॅडोचा नाद सोडा. त्यांची मुळं कुजतील.

सफरचंद किंवा पीच लावायचं असेल तर थंडीचा हिशोब करा. या झाडांना हिवाळ्यात साधारण ७ अंश सेल्सिअसखालचे ठराविक तास मिळावे लागतात. सफरचंदाच्या अनेक वाणांना ८०० ते १००० तास लागतात, ‘अ‍ॅना’ला मात्र २०० ते ३०० पुरतात. उबदार हवेत चुकीचा वाण लावलात तर झाड जगेल, पण फुलेल तुरळक.

आता परागीभवन. झाड फुलतं, पण फळ धरत नाही, या तक्रारीचं मूळ बरेचदा इथे असतं. सफरचंदाच्या बहुतेक वाणांना शेजारी दुसराच वाण हवा, तोही त्याच सुमारास फुलणारा. एकाच वाणाची दोन कलमं लावून उपयोग नाही, कारण ती मुळात एकाच झाडाची अंगं. ‘जोनागोल्ड’चा पराग तर दुसऱ्याच्याही कामाचा नसतो. पपईत नर आणि मादी झाडं वेगळी असू शकतात, आणि फुलं येईपर्यंत रोपाकडे पाहून ते कळत नाही. म्हणून एका खड्ड्यात तीन रोपं लावून नंतर विरळणी करतात, किंवा ‘रेड लेडी’सारखा वाण घेतात, त्यात मादी आणि उभयलिंगी झाडंच निघतात. एकाच झाडापुरती जागा असेल तर डाळिंब, लिंबू किंवा पीच बरं. पीचचे बहुतेक वाण एकट्याने फळतात.

उंचीही आधीच ठरवा. कोयीपासून वाढवलेला आंबा फळायला बरीच वर्षं घेतो आणि फळ मूळ झाडासारखं निघेलच असं नाही, म्हणून कलमच घ्या. ‘आम्रपाली’ हा ‘दशहरी’ आणि ‘नीलम’ यांच्या संकरातून आलेला वाण ठेंगणा राहतो आणि दरवर्षी फळतो. सफरचंदात उंची बरीचशी खुंटावर, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधतात त्यावर ठरते: ‘एम २७’ खुंटावर झाड साधारण दोन मीटरचं, ‘एम ९’वर तीनच्या आसपास.

चवीचा विचार सगळ्यात शेवटी, पण तिथे हात आखडू नका. बाजारासाठीचे वाण निवडताना लांबचा प्रवास सोसण्याकडे लक्ष असतं. आपलं फळ झाडावरून थेट ताटात येणार, त्यामुळे पातळ सालीचा, पटकन मऊ पडणारा रसाळ वाणही चालतो. जागा असेल तर एक लवकर आणि एक उशिरा पिकणारा घ्या, म्हणजे सगळी फळं एकाच आठवड्यात अंगावर येणार नाहीत.

रोप घेताना चिठ्ठीवर वाण आणि खुंट दोन्ही लिहिलेले आहेत का बघा, आणि कलमाचा जोड नीट भरलेला आहे ना, तेही. लावताना तो जोड मातीच्या वरच ठेवा.