बूटलोडरात नेटवर्क उठत नाही? ड्रायव्हर उसवण्याआधी या चुका टाळा

देवगड बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात थंड खोलीचं तापमान नोंदवणारे तीन बोर्ड मी बसवलेत. लाईटच्या लपंडावात मेमरी कार्डं मरायची, म्हणून आता कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) टीएफटीपीने, म्हणजे फाइल आणायच्या एका साध्या पद्धतीने, नेटवर्कवरून येतो. कर्नल चढवणाऱ्या बूटलोडरला, म्हणजे यू-बूटला, नेटवर्क मिळालं नाही की बोर्ड तिथेच आडवा. मृगाच्या पहिल्या पावसात फोरमनचा फोन आला, "लायट इली हा, पण तुमचो डबो उठूक नाय." गेलो, रीसेटचं बटण दाबलं, लगेच चालू. दोन दिवसांनी पुन्हा तोच फोन.

पहिली चूक इथेच झाली. टेबलावर मी सगळी चाचणी रीसेट बटण दाबून केली होती. रीसेटने प्रोसेसर नव्याने सुरू होतो, पण इथरनेटची फाय चिप (केबल आणि प्रोसेसर यांच्यामधली) वीज धरून असते, तिचा क्रिस्टल चालूच असतो. खरी वीज जाऊन येते तेव्हा तिला शून्यातून उठायचं असतं. वायर उपटा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा. असं वीस वेळा केल्याशिवाय बोर्ड चालतो म्हणू नका. मी केलं तेव्हा वीसपैकी सहा वेळा फायचा पत्ताच नव्हता. चिपची ओळख सांगणारे (आयडीचे) रजिस्टर २ आणि ३ वाचले तर नुसते एफएफएफएफ. एमडीआयओच्या तारेवर (प्रोसेसर फायशी बोलतो ती) कुणी उत्तर दिलं नाही की पुल-अपमुळे (तार वर ओढून ठेवणाऱ्या रेझिस्टरमुळे) सगळे बिट एक दिसतात, त्याचाच हा अर्थ. म्हणजे पाकिटं (डेटाचे गठ्ठे) दूरच, चिप अजून झोपेत होती.

आणि मी काय करत होतो? दोन रात्री ड्रायव्हरच्या कोडमध्ये प्रिंट टाकत बसलो होतो. ड्रायव्हर निर्दोष होता. त्याला दिलेली माहिती अपुरी होती. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते सांगणारी फाइल) रीसेटची पिन लिहिलेली, पण ती किती वेळ दाबून ठेवायची आणि सोडल्यावर किती थांबायचं, हे नव्हतं. दाबायला १० मिलिसेकंद, सोडल्यावर ५० मिलिसेकंद दिले. तुमच्या चिपचे आकडे तिच्या डेटाशीटमधूनच घ्या, माझे उचलू नका.

दुसरी चूक: पडद्यावरचा संदेश न वाचता सगळ्याला "नेटवर्क गेलं" म्हणणं. "नो इथरनेट फाउंड" आला तर ड्रायव्हर जोडलाच गेला नाही; कॉन्फिग आणि डिव्हाइस ट्री बघा. फाय मिळत नाही असं म्हणाला तर रीसेट, क्लॉक आणि फायचा पत्ता (तो ० ते ३१ यांतला असतो). "एआरपी रिट्राय काउंट एक्सीडेड" (आयपीवरून समोरच्याचा हार्डवेअर पत्ता विचारला, उत्तर नाही) आला तर आयपी पत्ते तपासा, ते बरोबर असतील तर लिंक असूनही पाकिटं जात-येत नाहीत. आणि पिंग चालतं पण टीएफटीपीत नुसत्या टी टी टी अशा ओळी उमटतात (एक टी म्हणजे एकदा उत्तर आलं नाही), तेव्हा बहुतेक वेळा फाइल देणाऱ्या लॅपटॉपची फायरवॉल यूडीपी पोर्ट ६९ अडवून बसलेली असते.

लॅपटॉपवरून बोर्डाला पिंग करून "मेला" ठरवणारे तर कितीतरी भेटतात. यू-बूट प्रॉम्प्टवर बसलेला असताना नेटवर्ककडे ढुंकूनही बघत नाही. पिंग बोर्डावरून लॅपटॉपला करा.

लिंक आहे, वेग गिगाबिट दाखवतोय, पण एकही पाकीट धड येत नाही, असं असेल तर आरजीएमआयआयच्या (प्रोसेसर आणि फाय यांच्यामधल्या डेटाच्या तारा) डिलेवर, म्हणजे क्लॉकच्या उशिरावर, संशय घ्या. गिगाबिटला क्लॉक (डेटा कधी वाचायचा तो ठोका) १२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक फेरी ८ नॅनोसेकंदांची, आणि डेटा दोन्ही कडांवर, म्हणून एका तुकड्याला जेमतेम ४ नॅनोसेकंद. त्याच्या मधोमध वाचायचं तर क्लॉक साधारण २ नॅनोसेकंद मागे हवा. हा उशीर फायने घालायचा की प्रोसेसरने, ते एकदाच ठरवा. दोघांनीही घातला तर ४ होतात आणि वाचन पुन्हा कडेवर येऊन पडतं. कुणीच घातला नाही तरी तेच. फायकडे दोन्ही बाजूंचं काम असेल तर डिव्हाइस ट्रीतल्या फाय-मोडमध्ये आरजीएमआयआयच्या पुढे आयडी (इंटर्नल डिले) लागतं. ओळखायची युक्ती सोपी: लॅपटॉपचं कार्ड १०० मेगाबिटवर आणा. तिथे क्लॉक २५ मेगाहर्ट्झचा, सवड भरपूर. १०० वर पिंग चाललं आणि गिगाबिटवर मेलं, तर बहुधा डिलेच.

बहुधा म्हणतो, कारण किनाऱ्यावर अजून एक भामटा आहे: खारी हवा. आरजे-४५ च्या पिनांवर हिरवट थर चढतो. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. वेग ठरवण्याची बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरच होतात, म्हणून दोन्ही टोकं गिगाबिट ठरवतात आणि मग लिंक येतच नाही. केबल बदलून आणि सॉकेटात टॉर्च मारून झाल्याशिवाय कोड उघडू नका.

खऱ्या ड्रायव्हरदोषाची एक झटपट चाचणी आहे. प्रॉम्प्टवर डीकॅश ऑफ करून (प्रोसेसरची जलद डेटा-मेमरी बंद करून) पिंग करा. आता चाललं, तर ड्रायव्हर कॅश नीट फ्लश किंवा इन्व्हॅलिडेट करत नाहीये, किंवा डिस्क्रिप्टर (पाकिटं मेमरीत कुठे आहेत त्या नोंदी) कॅश-लाइनला अलाइन नाहीत. आता खुशाल कोडमध्ये शिरा.

एका बोर्डाचं एन्व्हायर्नमेंट (यू-बूटच्या साठवलेल्या सेटिंग्ज) जसंच्या तसं दुसऱ्यांवर ओतण्याचा आळसही मी केलाय. तिघांचा मॅक (हार्डवेअर) पत्ता एकच, आणि स्विच बिचारा गोंधळलेला. कधी हा बोर्ड चाले, कधी तो.

रीसेट सुधारल्यावरही पावसात एकदा बोर्ड अडकलाच. लाईट आल्यावर बोर्ड दोन सेकंदांत जागा होतो, कारखान्याच्या स्विचला मिनिटभर लागतं. त्यात स्पॅनिंग ट्री (नेटवर्कात वर्तुळ होऊ न देणारी स्विचची सोय) चालू असेल तर पोर्ट आणखी ३० सेकंद पाकिटं सोडत नाही. यू-बूट तोवर हात टेकून मोकळा. आता बूट कमांडमध्येच फेरा घातलाय: टीएफटीपी फसलं की दहा सेकंद झोप, पुन्हा प्रयत्न.